नवा टर्बो बसवला तरी पुन्हा निळा धूर: मोठा सिंगल टर्बो चढवण्याआधी इंजिनात काय तपासावं

गोव्यातल्या मये गावचा एक मुलगा पणजीला नोकरीला आहे. रोज चोडणमार्गे फेरीबोट पकडून रायबंदरला उतरतो. गाडी जुनी युरोपीय सेदान, १.८ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कंपनीतूनच लहान टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारं यंत्र) असलेलं. माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन टर्बो आधीच गेले होते आणि तिसरा, आकाराने मोठा, डिकीत खोक्यात होता. "मेस्त, हा तेवढा बसवून द्या, म्हणजे कटकट संपली," एवढंच त्याचं म्हणणं.

मी बसवला. पॅकिंगं नवी, ऑइल नवं, फिल्टर नवा. आठव्या दिवशी त्याचा फोन आला. फेरी धक्क्याला लागली की गाडी चालू करायची, आणि जरा रेस दिली की मागून निळा धूर. रांगेत मागे उभी असलेली माणसं तोंडाला रुमाल लावतात. पहिल्या दोन टर्बोंनी जे केलं तेच तिसऱ्याने केलं, आणि हा तर माझ्या हाताने बसवलेला.

टर्बो उतरवला. शाफ्ट फिरवून पाहिला, ओढून पाहिला, शेवटी उघडून बेअरिंग भिंगाखाली धरलं. एक ओरखडा नव्हता. टर्बो ठणठणीत होता. मग सायलेन्सरमधून जळून बाहेर पडणारं तेल येत होतं कुठून? हा प्रश्न मी टर्बो हातात घेण्याआधीच स्वतःला विचारायला हवा होता. त्या दिवसापासून मी कामाचा क्रमच बदलला. आधी इंजिन तपासायचं, मग टर्बोचं खोकं उघडायचं. म्हापसा, फोंडा, वाळपई, जिथून म्हणून ही तक्रार घेऊन गाड्या आल्या, त्यांतल्या बहुतेकींचा टर्बो निर्दोष निघाला. त्याच्यातून जाणाऱ्या तेलाला परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, उतरायची वाट इंजिनच देत नव्हतं.

हे कळायला टर्बोच्या पोटात काय चालतं ते डोळ्यांसमोर आणावं लागतं. एका शाफ्टच्या एका टोकाला एक्झॉस्टचं चाक, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. जोरात चालताना हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. मधल्या घरात बेअरिंग, आणि त्याला इंजिनाच्या पंपातून दाबाखाली तेल. वरून बारीक नळीने तेल येतं, खालून जाड नळीने चेंबरमध्ये पडतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे 'सील' म्हणतात ते रबराचं नसतं. पिस्टनला असतात तशा छोट्या धातूच्या रिंगा असतात त्या. नळाचा वायसर पाणी अडवतो तसं या रिंगा तेल अडवत नाहीत. दोन्ही चाकांकडचा दाब मधल्या घरापेक्षा जास्त असतो आणि आलेलं तेल तिथे न साचता लगेच खाली उतरतं, म्हणून तेल बाहेर येत नाही. खालची वाट तुंबली की मधलं घर तेलाने भरतं, आणि मग कितीही महागडा टर्बो असो, त्या रिंगांच्या फटीतून तेल बाहेर येणारच. इंजिन आयडलला असताना दोन्ही चाकांकडे दाब जवळजवळ नसतो, म्हणून तेल तेव्हाच जास्त झिरपतं. थोडा वेळ आयडलला उभी राहिलेली गाडी रेस देताच धूर का सोडते, त्याचं उत्तर इथे आहे.

आणखी एक गोष्ट. बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल पातळ धारेसारखं नसतं, हवा घुसळून फेस झालेलं असतं. फेसाला जागा जास्त लागते. आत येणारी नळी पेन्सिलीएवढी आणि बाहेर जाणारी अंगठ्याएवढी असते ती म्हणूनच.

धूर नक्की कुठला, ते आधी ठरवा

टर्बोला हात लावण्याआधी मी गाडी घेऊन चोर्ला घाटात जातो. केरीपासून वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून चालवायची आणि आरशात बघायचं. चढताना, जोर असताना धूर सतत येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. मग वरून उतरताना गिअरमध्येच ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यात) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवरच्या सिलांमधून तेल ओढलं जातं. दोन-तीन वळणं उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबला आणि एकच मोठा लोट येऊन थांबला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेत असं धरून चाला. घाटात चढता-उतरता काही नाही, पण खाली येऊन पाच मिनिटं आयडलला ठेवून रेस दिली की निळा लोट, तर टर्बोकडे बघा, आणि त्याच्या ड्रेनकडे, म्हणजे तेल खाली उतरवणाऱ्या जाड नळीकडे, आधी बघा. पांढरा, गोडसर वासाचा, हवेत रेंगाळणारा धूर तेलाचा नसून कूलंटचा असतो. तो आजार वेगळा. पावसाळ्यात सकाळी सगळ्याच गाड्या पांढरी वाफ सोडतात, तिला घाबरू नका.

मयेच्या गाडीला घाटात काही झालं नाही. खाली आल्यावर आयडलनंतर धूर.

यात एक फसवी जागा आहे. आधीचा टर्बो खरोखर तेल टाकून गेला असेल तर त्याचं तेल इंटरकूलरमध्ये (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. नवा टर्बो बसवल्यावर पहिले काही दिवस गाडी तेच जुनं तेल जाळते, आणि मालकाला वाटतं की हाही गेला. मी त्या गाडीचा इंटरकूलर काढून उभा धरला तर वाटीभर तेल निघालं. इंटरकूलर धुऊन, कंप्रेसरच्या हवेने पूर्ण कोरडा करूनच परत लावा. आत धुण्याचं रसायन राहिलं तर ते इंजिन ओढून घेईल. आधीच्या टर्बोचं चाक तुटलेलं असेल तर इंटरकूलर धुऊन वापरू नका, बदला. अॅल्युमिनियमचे कण त्याच्या पातळ वाटांमध्ये अडकून बसतात, कितीही धुतले तरी सगळे निघत नाहीत, आणि नंतर सिलिंडरमध्ये जातात.

शाफ्ट हलतो म्हणून टर्बो फेकून देणारे पुष्कळ. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट आडवा थोडा हलणं बरोबरच आहे, कारण चालताना ती फट तेलाच्या थराने भरते. कोरडा टर्बो हातात घेतला की ती फट जास्त वाटते. चाक घराच्या भिंतीला घासतं का, आणि शाफ्ट लांबीच्या दिशेने पुढे-मागे जाणवण्याइतका सरकतो का, हे दोन बघा. दुसरं जाणवलं तर टर्बो खरंच गेलाय.

क्रँककेसमधला दाब मोजा

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगाची तपासणी हीच, आणि सर्वांत कमी केली जाणारीही हीच. खर्च शंभर-दोनशे रुपये.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटात येतो; तेलाचा चेंबर त्याच्याच तळाशी असतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर काढायला इंजिनाला श्वासनळी दिलेली असते. कंपनीने ती नळी कंपनीच्याच बूस्टच्या, म्हणजे टर्बो हवेला देतो त्या दाबाच्या, हिशेबाने केलेली असते. मोठा टर्बो आला, बूस्ट वाढला, की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ब्लो-बायही वाढतो. नळी मात्र तेवढीच राहते. मग क्रँककेसमध्ये दाब साठतो. टर्बोच्या ड्रेनचं दुसरं टोक कुठे उघडतं? त्याच क्रँककेसमध्ये. टर्बोतून तेल खाली उतरतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, त्याला ढकलणारा पंप नाही. टर्बो आणि चेंबरमधलं अंतर १५ सेंटिमीटर धरलं, तर तेवढ्या उंचीच्या तेलाचा दाब जेमतेम १३ सेंटिमीटर पाण्याएवढा. क्रँककेसमधून तेवढा दाब वर आला की उतरणारं तेल जागच्या जागी थबकलं.

मोजायचं कसं: हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची ८ मिलिमीटरची नळी दोन-तीन मीटर घ्या. प्लायवूडच्या पट्टीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बांधा, दोन्ही उभ्या बाजू निदान अर्ध्या मीटरच्या ठेवा, नाहीतर व्हॅक्यूमने पाणी इंजिनात ओढलं जाईल. मध्ये रंग घातलेलं पाणी, बाजूला मोजपट्टी. एक जुनं ऑइल कॅप घेऊन त्याला भोक पाडून निपल बसवा आणि नळीचं एक टोक त्याला जोडा. डिपस्टिकच्या नळीला जोडायचा मोह होतो, पण बऱ्याच इंजिनांत ती नळी खाली तेलात बुडालेली असते, आकडा खोटा येतो. नळीचं दुसरं टोक उघडं. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे दाब.

निरोगी इंजिन आयडलला पाणी किंचित स्वतःकडे ओढतं. पूर्ण बूस्टवर ते शून्याच्या आसपास, दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे राहावं. मयेच्या गाडीत शेजारी माणूस बसवून, पट्टी त्याच्या हातात देऊन मी बूस्ट दिला, तर पाणी २० सेंटिमीटर वर ढकललं गेलं. आयडलला आल्यावरही ते लगेच खाली बसलं नाही. टर्बोची कंपनी, मोठा टर्बो की छोटा, आधीच्या कारागिराने काय केलं, ही सगळी चर्चा त्या एका आकड्याने संपली.

आता प्रश्न एवढाच होता की हा दाब रिंगा झिजल्यामुळे आहे की श्वासनळी तुंबल्यामुळे.

रिंगा की श्वासनळी

यासाठी लीक-डाउन. नुसतं कॉम्प्रेशन मोजून भागत नाही; कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं आलं तरी चारही सारखेच झिजलेले असू शकतात. लीक-डाउनमध्ये सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडतात. आत १०० पीएसआय दाबाची हवा दिली आणि दुसऱ्या मीटरवर ९० टिकली तर गळती १० टक्के. इंजिन गरम असताना करा, आणि क्रँकचा बोल्ट पान्याने घट्ट धरून ठेवा, हवेच्या दाबाने पिस्टन खाली झटकन जातो, पाना हातातून निसटून लागतो.

१० टक्क्यांच्या आत गळती असलेल्या इंजिनावर मी निर्धास्तपणे मोठा टर्बो चढवतो. २० च्या पुढे असेल तर काम घेत नाही, आधी इंजिन करून घ्या म्हणतो. मधल्या आकड्यांत हवा कुठून फुसफुसते ते कान लावून ऐका. ऑइल कॅपच्या भोकातून आवाज म्हणजे रिंगा. सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे म्हणजे हेड गॅसकेट. शेवटचं दिसलं तर टर्बोचा विचार त्या दिवसापुरता बाजूला ठेवा.

मयेच्या गाडीचे आकडे ८, ९, ८ आणि ११ टक्के. म्हणजे एकाचा आकडा दहाच्या किंचित पुढे, तरी रिंगा ठीकच. अडचण श्वासनळीत.

टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनात या श्वासनळीला दोन वाटा असतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तेव्हा वायू तिकडे ओढला जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, म्हणून तिथला चेक व्हॉल्व्ह बंद व्हायचा आणि वायू दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडाशी जायचा. हा चेक व्हॉल्व्ह म्हणजे प्लॅस्टिकचा, बोटाएवढा, हातात घेतला तर कोणी किंमत विचारणार नाही असा तुकडा. तो उघडा अडकला की टर्बोने दाबलेली हवा सरळ क्रँककेसमध्ये घुसते. इंजिन स्वतःच्याच पोटात बूस्ट भरतं. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंका: एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. मयेच्या गाडीचा दोन्हीकडून जात होता. वर टर्बोच्या तोंडाशी जाणारी रबरी नळी आतून फुगून, मऊ पडून जवळजवळ चिकटली होती. बाहेरून पाहिली तर धड दिसायची.

आपल्या हवेत हे लवकर होतं. जून ते सप्टेंबर गाड्या घर ते बाजार, घर ते फेरी अशा दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यांवर चालतात. तेल पुरेसं तापत नाही, ब्लो-बायमधलं पाणी उडून जात नाही, तेलात मिसळून सायीसारखा पांढरट थर होतो. ऑइल कॅपच्या आत तो दिसतो, तसाच तो चेक व्हॉल्व्हच्या आतही बसतो. मोठा टर्बो लावायचा असेल तर दोन्ही वाटांवरचे चेक व्हॉल्व्ह आणि श्वासनळीची सगळी रबरं नवी घ्या, नळी एक माप मोठी करा आणि मध्ये कॅच कॅन, म्हणजे वायूबरोबर येणारं तेल-पाणी अडवून साठवणारा डबा, बसवा. कॅच कॅनच्या आत जाळी किंवा पडदे असावेत. नुसता रिकामा डबा तेलाचे बारीक थेंब अडवत नाही.

ड्रेनची नळी

दाबाचं कारण सापडलं म्हणून थांबलो नाही, आणि बरं झालं. ड्रेनची नळी मी नवी घातली होती, पण ती इंजिनाच्या ज्या तोंडाला जोडतात ते तोंड आतून पाहिलं नव्हतं. बोट घातलं तर आत लाल सिलिकॉनची वळकटी. आधी कोणीतरी पॅकिंगऐवजी गॅसकेटचं सिलिकॉन भरपूर लावलं होतं, ते दाबून आत आलं आणि निम्मं भोक झाकलं. टर्बोच्या तेलाच्या दोन्ही तोंडांवर सिलिकॉन वापरू नका, थ्रेडवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका. तिथून सुटलेला तुकडा बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो. धातूचं किंवा कागदाचं पॅकिंग, बंजो बोल्टला (ज्याच्या पोकळीतून तेल जातं तो बोल्ट) तांब्याचे वायसर, ते दर वेळी नवे.

नळी सरळ खाली उतरावी. उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नये, आणि मध्ये कुठेही वाटीसारखा खोलगट भाग नको, तिथे तेल साचतं. तिचं तोंड चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवं. मोठा टर्बो जागेत बसत नाही म्हणून तिरका करून बसवला की त्याचं मधलं घरही फिरतं आणि तेलाचं खालचं तोंड बाजूला जातं. मॅनिफोल्ड पक्कं करण्याआधी मधलं घर सैल करून तोंड बरोबर खाली आणून घ्यावं.

दोन टर्बोंच्या जागी एक बसवणाऱ्यांसाठी: टोयोटाचं ३ लिटरचं २जेझेड-जीटीई हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, आपल्याकडे क्वचितच दिसणारं. दुसऱ्या टर्बोची तेलाची, पाण्याची आणि व्हॅक्यूमची सगळी तोंडं नीट झाकावी लागतात. एखादं तेलाचं तोंड अर्धवट बंद राहिलं तर धूर सोडा, थेट ऑइलचा दाबच जाईल.

तेल येण्याची बाजू, आणि पहिले दोन टर्बो का गेले

तिसरा टर्बो चांगला होता, पण आधीचे दोन खरोखर मेले होते. मालकाने जपून ठेवलेले ते दोन्ही मी पाहिले. बेअरिंग निळं पडलेलं, म्हणजे तेलावाचून तापलेलं. म्हणून चेंबर खोलला. तेल ओढणाऱ्या जाळीवर काळा चिकट गाळ, अर्धी जाळी बुजलेली. आयडलला दाब पुरेसा दिसायचा, जोर लावला की पंपाला तेलच मिळेनासं व्हायचं. मोठा टर्बो चढवण्याआधी चेंबर उतरवून जाळी साफ करणं मी आता अटच घालतो. मग मेकॅनिकल मीटर लावून गरम इंजिनाचा दाब बघतो. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा ठोकताळा चालतो.

टर्बोकडे येणारी तेलाची लोखंडी नळी जुनी वापरू नका. ती गरम मॅनिफोल्डवरून जाते आणि आतून कोळशासारखी बुजते. साफ करून परत लावलेली नळी पुढे कधीतरी एक पापुद्रा सोडते, आणि तो थेट बेअरिंगमध्ये जातो. बॉल बेअरिंगचा टर्बो असेल तर उलट काळजी: त्याला तेल कमी लागतं. दाब ४० ते ४५ पीएसआयच्या पुढे जात असेल तर साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाचा प्रवाह आवळणारा तुकडा, घालतात. तोच रिस्ट्रिक्टर साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोला लावला तर तो उपाशी मरतो. आपला टर्बो कुठल्या जातीचा आहे ते विकणाऱ्याकडून खात्रीने विचारून घ्या.

नळी बुजण्याचं दुसरं कारण फेरीत सापडलं. हा मुलगा फेरी सुटेल म्हणून चोडणच्या रस्त्याने गाडी ताणत यायचा, रॅम्पवरून फेरीत चढायचा आणि लगेच इंजिन बंद. फेरीत इंजिन बंद करायलाच हवं, पण पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट ताणून चालवल्यावर ९०० अंशांच्या पुढे जातो. तेलाचा प्रवाह थांबला की ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगमध्ये येते आणि थांबलेलं तेल जागीच भाजून निघतं. दिवसातून दोनदा, वर्षभर. आता तो शेवटचे दोन किलोमीटर सावकाश येतो. दहा मिनिटं आधी घरातून निघतो, एवढंच.

सिंथेटिक ५डब्ल्यू-४० ऑइल आणि पाच हजार किलोमीटरला बदल, हे या गाड्यांसाठी मी पाळतो. जास्त अंतरावर बदलून पैसे वाचतात असं मला वाटत नाही.

लाल धूळ

डिचोली, सत्तरीच्या लोकांनी हे जरूर वाचावं. मोठ्या टर्बोबरोबर उघडा गोल फिल्टर लावायची पद्धत आहे. खनिजाचे ट्रक चालतात त्या रस्त्यावर ही लाल धूळ किती बारीक असते ते आपल्याला माहीत आहे. धुतलेले कपडे वाळत घातले तरी त्यांच्यावर बसते. तीच धूळ फिल्टरमधून निसटली तर टर्बोच्या चाकाच्या कडा झिजवते आणि पुढे सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते. दोन वर्षांत लीक-डाउनचा आकडा ८ वरून १८ वर गेलेली गाडी मी पाहिली आहे. कंपनीचा बंद डबा ठेवा, त्यात चांगला कागदी फिल्टर घाला आणि तो बदलायला कंजुषी करू नका. फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये बोट फिरवा. बोट लाल झालं तर फिल्टर नीट बसलेला नाही.

परत जोडताना

सगळं जोडल्यावर टर्बोच्या वरच्या तोंडातून थोडं तेल ओता, शाफ्ट हाताने फिरवा. गाडीतल्या फ्यूल पंपाचा फ्यूज काढून सेल्फ मारा, दर वेळी काही सेकंदच, मीटरवर ऑइलचा दाब येईपर्यंत. मग फ्यूज लावून गाडी सुरू करा आणि काही मिनिटं आयडलला राहू द्या, रेस देऊ नका. ड्रेनच्या वरची क्लिप सैल करून तेल खरंच उतरतंय का ते एकदा बघितलेलं बरं.

बूस्ट, इंधन, मॅप याबद्दल थोडक्यात. कनेक्टिंग रॉड वाकतो तो खालच्या आरपीएमला एकदम आलेल्या टॉर्कमुळे, म्हणून टॉर्क हळूहळू चढवणारा मॅप (किती इंधन, किती बूस्ट ते इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगणारा तक्ता) मागा. स्पार्क प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, आणि गॅप कमी. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के इंधन जास्त लागतं. परदेशातल्या इंधनावर केलेला तयार मॅप तसाच घातला तर जोर लावल्यावर मिश्रण कोरडं पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि पिस्टन वितळतो. हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरशिवाय मोठा टर्बो चालवू नका. आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाखाली कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल चालत नाहीत, विम्याचा दावाही त्यावरून अडतो; हे मी प्रत्येकाला काम घेण्याआधी सांगतो.

मयेच्या गाडीत नवे चेक व्हॉल्व्ह, मोठी श्वासनळी, कॅच कॅन, साफ केलेलं ड्रेनचं तोंड, नवी तेलाची नळी असं सगळं झालं. टर्बो तोच, खोक्यातून आलेला. पूर्ण बूस्टवर नळीतलं पाणी आता ३ सेंटिमीटरच्या वर जात नाही. पहिले दोन दिवस थोडा धूर आला, सायलेन्सरमधल्या जुन्या तेलाचा. बेळगावला जाऊन आल्यावर तोही थांबला.

पावसात मात्र कॅच कॅन दर दोन आठवड्यांनी पांढऱ्या पाणचट तेलाने भरू लागला. डबा बंपरच्या मागे, थंड जागी बसवला होता, वाफ तिथे जाऊन पाणी होत होती. तो उचलून फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ), इंजिनाच्या उबेत आणला आणि नळी आखूड केली. जुलैत दोनदा रिकामा केला, ऑगस्टमध्ये एकदाच. पाण्याची पट्टी मी त्याच्याच डिकीत ठेवायला दिली आहे, दर सर्व्हिसिंगच्या आधी तो स्वतः मोजून आकडा पाठवतो.